जो दिसत नाही, त्याने बघायचं



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा कडू आहे, त्यामुळे नेहमीसारखं इथल्या हवेचं रडगाणं आणि बटाट्यांचे शंभर प्रकार आज नाहीत. :)

झालं असं. २१ नोव्हेंबर २०२४ला गोव्याच्या वायव्येला साधारण ७० सागरी मैलांवर 'मार्थोमा' नावाच्या मासेमारी नौकेची आणि आपल्या नौदलाच्या पाणबुडीची टक्कर झाली. नौकेवर १३ जण होते. ११ वाचले, दोघे परत आले नाहीत. ही बातमी आली तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राने लिहिलं, "एवढी मोठी पाणबुडी, आणि या लोकांना दिसली नाही?" त्याखाली आठ-दहा अंगठे पडले. सगळे इंजिनिअर बरं का. मीही तेव्हा गप्प बसलो. परवा दुसऱ्याच कुठल्या तरी गप्पांत तेच वाक्य पुन्हा आलं, आणि यावेळी सोबत "हे मच्छीमार एआयएस बंद ठेवून फिरतात, मग बोंब मारतात" अशी पुस्तीही होती. तेव्हा मात्र राहवेना.

मित्रा, पाणबुडी बनवतातच ती दिसू नये म्हणून. त्यासाठीच आपण हजारो कोटी मोजतो. ती दिसली नाही हा ज्या दिवशी मच्छीमाराचा दोष ठरेल, त्या दिवशी अंधारात दिवे बंद करून गाडी चालवणाऱ्याला सोडून पादचाऱ्याला दंड करायला हरकत नाही.

आधी हे सांगतो की गोव्याजवळच्या त्या टकरीत नेमकी चूक कोणाची, याचा निवाडा घरबसल्या करायला मी बसलेलो नाही. माझं भांडण त्या वाक्याशी आहे, आणि त्या वाक्यामागच्या सवयीशी.

मला यात एवढा रस का, असं कोणी विचारेल. दोन कारणं. एक म्हणजे मी रत्नागिरीचा. मिरकरवाडा बंदर आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. तिथले एक तांडेल आमच्या वडिलांचे दोस्त, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. आता त्यांची नौका त्यांचा मुलगा घेऊन जातो. दुसरं म्हणजे गेली काही वर्षं मी स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदी समुद्राला मिळते त्या भागात राहतो. ब्रिटनच्या पाणबुड्यांचा तळ, फॅसलेन, इथून जवळच. रविवारी फेरीबोटीने पलीकडे निघालं की कधीमधी एक काळंशार धूड टगबोटी आणि पोलिसांच्या होड्यांच्या घोळक्यात हळूहळू समुद्राकडे जाताना दिसतं. पर्यटक फोटो काढतात. स्थानिक लोक मान वर करूनही बघत नाहीत. आणि या स्थानिकांत जे मासेमारी करतात, त्यांच्या मनात पाणबुडी म्हटलं की एकच नाव येतं: अँटारेस.

२२ नोव्हेंबर १९९०. (तारीख बघा. गोव्याची टक्कर २१ नोव्हेंबरची. निव्वळ योगायोग, पण अंगावर येतो.) 'अँटारेस' ही कॅराडेल गावची छोटी नौका, चार माणसं. पहाटे दोनच्या सुमाराला ॲरन बेटाजवळ जाळं ओढत होती. त्याच पाण्यात ब्रिटिश नौदलाची 'ट्रेंचंट' ही अणुपाणबुडी होती. त्या पाणबुडीवर भावी कप्तानांची परीक्षा चालू होती. या परीक्षेचं नौदलातलं टोपणनाव 'पेरिशर'. जो नापास होतो त्याला कप्तानपद मिळत नाही, पाणबुडीतली नोकरीच संपते. म्हणजे त्या क्षणी त्या खोलीतल्या माणसांच्या डोक्यात काय असेल, कल्पना करा. पाणबुडी जाळ्याच्या दोरांत अडकली आणि नौकेला खाली घेऊन गेली. चौघेही गेले.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. पाणबुडीवर आवाज ऐकू आला होता. काहीतरी अडकलं होतं हेही कळलं होतं. वर येऊन बघितलं तर आसपास इतर मासेमारी नौकांचे दिवे दिसले, सगळं ठीक दिसतंय असा समज करून घेतला, आणि सराव पुढे चालू ठेवला. चौकशी करणाऱ्या संस्थेने नंतर स्पष्ट लिहिलं की पाणबुडीवरच्या पहाऱ्याची रचना आणि दर्जा दोन्ही ढासळले होते. थोडक्यात काय, तर मच्छीमारांनी काही चुकीचं केलं म्हणून ते मेले नाहीत. ते आपलं नेहमीचं काम आपल्या नेहमीच्या पाण्यात करत होते.

एकदा ॲरनहून पलीकडे गेलो असताना मुद्दाम कॅराडेलला जाऊन आलो. छोटंसं बंदर, चार-सहा नौका, धक्क्यावर जाळ्यांचे ढीग. मिरकरवाड्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं. एवढ्या गावातली चार माणसं एका रात्रीत जाणं म्हणजे काय, ते कुठल्याही कोकणी माणसाला सांगायला नको.

आता थोडं इंजिनिअरिंग. कंटाळा आला तर पुढच्या तीन परिच्छेदांना दांडी मारा, पण मग ग्रुपवर मतं देऊ नका. ;)

ट्रॉलर जाळं ओढतो म्हणजे काय? नौकेच्या मागून दोन पोलादी दोर पाण्यात जातात. पाणी जितकं खोल, त्याच्या साधारण तिप्पट लांबीचा दोर सोडावा लागतो. म्हणजे ८० मीटर खोल पाण्यात अडीचशे मीटरच्या आसपास दोर आणि त्याच्या टोकाला जाळं. नौकेचा वेग जेमतेम अडीच-तीन नॉट, माणूस रमतगमत चालतो तेवढा. अशा वेळी नौकेला पटकन वळता येत नाही, थांबता येत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत (१९७२चे, जगभर चालतात ते) जाळं ओढणाऱ्या नौकेला इंजिनवर चालणाऱ्या इतर जहाजांनी वाट द्यावी असं लिहिलंय. ट्रॉलरने रात्री वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा लावायचा, म्हणजे लांबूनच ओळख पटते. उत्तम नियम. पण हे दिवे पाण्याखालून कोणाला दिसणार? नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाण्यावरची जहाजं होती.

पाण्याखालची पाणबुडी बघत नाही, ऐकते. स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकला तर समोरचा कुठे आहे ते नेमकं कळतं, पण आपलाही पत्ता लागतो. म्हणून ती गपचूप कान लावून बसते. नुसत्या ऐकण्यातून दिशा कळते, अंतर लगेच कळत नाही. अंतर काढायला वळणं घेत, दिशा कशी बदलते ते मोजत, हिशेब मांडावा लागतो. शिवाय आपल्या स्वतःच्या शेपटीमागचं तिला धड ऐकू येत नाही. उथळ पाण्यात तर आवाज तळावरून आणि पृष्ठभागावरून आपटत येतो, सगळा गोंगाट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जाळं आणि दोर यांना इंजिन नसतं. नौकेचं इंजिन वाजतं एका जागी, आणि धोका असतो त्याच्या कितीतरी मागे आणि खाली.

मग अडकल्यावर काय होतं? 'ट्रेंचंट' पाच हजार टनांच्या घरातली. आपल्या कलवरी वर्गातल्या पाणबुड्या त्यामानाने लहान, तरी पाण्याखाली पावणेदोन हजार टनांच्या आसपास. आणि ट्रॉलर? पन्नास-साठ फुटांची, काही डझन टनांची वस्तू. पाणबुडीला हा ओढा जाणवला तर जाणवला. ट्रॉलर मात्र पुढे ओढण्यासाठी बांधलेला असतो, मागे ओढला जाण्यासाठी नव्हे. त्याची मागची बाजू मुद्दाम बुटकी ठेवतात, जाळं वर घेता यावं म्हणून. मागून खाली ओढ बसली की तिथूनच पाणी आत येतं. मग सेकंदांचा खेळ.

चाचांना मी फोनवर विचारलं होतं, जाळं अडकलं तर तुम्ही काय करता? ते म्हणाले, "काय करायचं रे, इंजिन मंद करायचं, दोर ढिला सोडायचा, मागे येऊन सोडवून घ्यायचं. खडक असतो, बुडालेलं जहाज असतं. नाहीच सुटलं तर तोडायचं. जाळं गेलं तर गेलं." मग थोडं थांबून म्हणाले, "पण खडक जागचा हलत नाही ना, बाळा."

हेच ते. पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं शहाणपण एका गृहीतावर उभं आहे, की तळाशी जे अडकवतं ते जागेवर असतं. आपण त्या पाण्यात चालणारा खडक सोडला, आणि तो कुठे आहे ते सांगणार नाही असंही ठरवलं. मग निदान त्या खडकाने तरी बघून चालायला नको का?

आता एआयएसचा मुद्दा. आपल्याकडे २० मीटरपेक्षा लांब मासेमारी नौकांना ही यंत्रणा लावावी लागते, आणि काही जण ती बंद ठेवतात हे खरं आहे. ठेवू नये. अवाढव्य मालवाहू जहाजांपासून जीव वाचवायचा असेल तर ती चालू हवीच. पण माझ्या इंजिनिअर मित्रांनो, एआयएस हा व्हीएचएफ रेडिओचा संदेश असतो, आणि तो खाऱ्या पाण्यात शिरत नाही. पाणबुडीने डोलकाठी पाण्याबाहेर काढली तरच तिला तो मिळणार. पूर्ण बुडालेल्या पाणबुडीसाठी तुमचं एआयएस चालू असलं काय आणि बंद असलं काय, सारखंच! तेव्हा हा हुकमी एक्का टाकण्याआधी दुसऱ्या वर्षाचं भौतिकशास्त्र एकदा चाळा.

"पण पाणबुडी वर असेल तर दिसेल की!" वर असली तरी तिचा बराचसा भाग पाण्याखालीच. रंग काळा. दिवे खाली आणि जवळजवळ, त्यामुळे रात्री एखाद्या छोट्या होडीसारखी वाटते. १९८८च्या जुलैमध्ये जपानात, टोकियोच्या उपसागराच्या तोंडाशी, 'नादाशियो' ही पाणबुडी पाण्यावरच होती आणि दिवसाच तिची टक्कर गळाने मासे धरायला निघालेल्या हौशी लोकांच्या बोटीशी झाली. ३० माणसं गेली. दोघांनाही दिवसाढवळ्या बघण्याची सोय असताना हे होतं.

आणि पाणबुडीकडे सगळी उपकरणं असली, हवामान ठीक असलं, तरी काय होऊ शकतं ते ९ फेब्रुवारी २००१ला हवाईजवळ दिसलं. अमेरिकेच्या 'ग्रीनव्हिल' पाणबुडीवर १६ पाहुणे आले होते. त्यांना मजा दाखवायची म्हणून पाणबुडी एकदम उसळी मारून वर आणण्याचं प्रात्यक्षिक ठरलं. वर येण्याआधी दुर्बिणीतून चारी बाजू नीट बघायच्या असतात, ते घाईत उरकलं. आवाजाच्या नोंदी दाखवणारा एक पडदा बंद होता. नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या वाटेत पाहुणे उभे होते. पाणबुडी उसळली ती थेट 'एहिमे मारू'च्या पोटाखाली. हे जपानमधल्या उवाजिमाच्या मत्स्यविद्यालयाचं प्रशिक्षण जहाज. ३५ जण होते, ९ गेले, त्यांत चार शाळकरी मुलं. मासेमारी शिकायला आलेली. काही मिनिटांत जहाज बुडालं.

कप्तानाला काय शिक्षा झाली? लेखी ठपका आणि मानाने निवृत्ती. पुढे २००२च्या डिसेंबरात तो स्वतः उवाजिमाला जाऊन माफी मागून आला, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं. आपल्या मित्रमंडळींच्या वाक्यात हे बसवून बघा: "एवढी मोठी पाणबुडी, शाळकरी पोरांना दिसली नाही?"

असो. अपघात होतात. मी इथे कारखान्यांतल्या यंत्रणांच्या सुरक्षिततेचं काम करतो, रोज अपघातांचीच आकडेमोड. त्यामुळे "अपघात झालाच कसा" एवढ्याने मी चिडत नाही. मला चीड येते ती अपघातानंतरच्या मौनाची.

१९८२च्या एप्रिलमध्ये आयरिश समुद्रात 'शारेल्गा' नावाची आयरिश नौका अचानक उलटी ओढली जाऊ लागली आणि पालथी झाली. पाच खलाशी दुसऱ्या नौकेमुळे वाचले. ज्याने ओढलं तो थांबला नाही. ती आपली 'पॉरपॉइज' पाणबुडी होती, हे ब्रिटनने कबूल करायला दोनेक आठवडे लागले.

तेव्हा युद्धाचे दिवस होते, फॉकलंडचे, असं म्हणून सोडून देऊ. पण १५ एप्रिल २०१५? त्याच समुद्रात, आर्डग्लास बंदराची 'कॅरन' ही नौका अडीच-तीन नॉटने जाळं ओढत होती, आणि एका क्षणात सात नॉटने मागे खेचली जाऊ लागली. चौघा खलाशांनी धावत जाऊन विंचचे ब्रेक सोडले. एक दोर सुटून गेला, दुसरा विंचवर अडकला, नौका एका अंगावर कलली, मागची बाजू पाण्यात गेली, आणि तेवढ्यात दोर तुटला म्हणून वाचले. नशीब, दुसरं काही नाही. ब्रिटिश नौदल म्हणालं, आमची पाणबुडी नाही. मग पेपरांतून सगळी बोटं रशियाकडे. पाच महिन्यांनी, सप्टेंबरात, संसदेत निवेदन आलं: आमचीच होती.

आणि कारण? चौकशी अहवालात आहे. पाणबुडीवरच्या लोकांनी 'कॅरन'ला मालवाहू जहाज समजलं. मालवाहू जहाजाखालून सुरक्षित जाता येईल इतक्या खोलीवरून ते निघाले होते. जाळ्याचा हिशेबच नव्हता. अँटारेसनंतर पंचवीस वर्षांनी! मधल्या काळात पाणबुड्यांनी मासेमारी नौकांपासून कसं लांब राहायचं याची आचारसंहिता झाली होती. तटरक्षक दल पाणबुड्यांच्या सरावाचे भाग मच्छीमारांना रेडिओवरून सांगतं. एवढं सगळं असून हे झालं. मग जिथे यातलं काही नसेल तिथे काय?

"राष्ट्रीय सुरक्षा असते रे बाबा, सगळं सांगता येत नाही." हे उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण ग्रुपवर प्रत्येक वादाचा शेवट याच वाक्याने होतो. मला पटतं की पाणबुडी कुठे जाणार आहे ते कोणी सांगू नये. माझा एक आतेभाऊ सैन्यात होता, मला देशप्रेम शिकवायची गरज नाही. पण पाणबुडी तीन आठवड्यांपूर्वी कुठे होती, तेही एक नौका उलटी करून, यात गुपित कसलं उरलं? जे गुपित होतं ते त्या दोरात अडकून केव्हाच वर आलं. त्यानंतर जे लपवलं जातं ती चूक असते, पाणबुडीची जागा नव्हे. आणि चुकीला गुपिताचा शिक्का लावला की ती पुन्हा होते, कारण तिच्यातून कोणी शिकत नाही. माझ्या कामातला हा पहिला धडा आहे.

मौनाची दुसरीही एक किंमत असते. १५ जानेवारी २००४ला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ 'बुगालेद ब्रेझ' ही फ्रेंच नौका बुडाली. पाच जण गेले. त्या भागात नौदलांच्या सरावाची गडबड होती, त्यामुळे संशय पाणबुडीवर. फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं खटले चालले. शेवटी २०२१च्या नोव्हेंबरात लंडनच्या न्यायाधीशांनी निष्कर्ष दिला की यात पाणबुडीचा हात नव्हता, तो मासेमारीतलाच अपघात होता. मी तो निष्कर्ष नाकारत नाही. पण १७ वर्षं पाच कुटुंबं पाणबुडीवर का बोट ठेवून होती? कारण 'शारेल्गा'ला आधी नाही म्हटलं आणि मग हो म्हटलं. 'कॅरन'लाही तेच. ज्याने दोनदा खोटं "नाही" म्हटलंय, त्याचं तिसरं खरं "नाही" कोण ऐकणार? म्हणजे खरं बोलण्याची सवय ही नौदलाच्याही भल्याचीच आहे.

आता परत गोव्याकडे. आपल्या नौदलाला एक श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवं. त्यांनी हात झटकले नाहीत. लगेच शोध सुरू केला, सहा जहाजं आणि विमानं लावली, ११ जणांना वाचवलं, टक्कर झाल्याचं स्वतः जाहीर केलं. 'शारेल्गा'शी तुलना केली तर हे शंभर पटीने सभ्य आहे. पण त्या निवेदनात शब्द काय होता? नौका नौदलाच्या एका 'युनिट'शी धडकली. 'युनिट'! पेपरवाल्यांनी ती स्कॉर्पीन वर्गातली 'करंज' असल्याचं छापलं. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेली, २०२१च्या मार्चमध्ये नौदलात दाखल झालेली. तेव्हा समारंभ झाला, फोटो आले, आपण सगळ्यांनी ते पुढे पाठवले. अभिमानाच्या दिवशी जिचं नाव सगळ्या जगाला सांगतो, ती दोन माणसं गेली त्या दिवशी 'युनिट' होते? आणि वाक्यरचनाही बघा. नौका 'युनिट'वर धडकली, म्हणजे कर्ता मच्छीमार. व्याकरणातच निकाल लागला. ग्रुपवरचं "यांना दिसली नाही का" हे वाक्य इथूनच जन्माला येतं.

"मग काय, पाणबुड्या बंद करायच्या?" नाही हो. ज्याच्याकडे माहिती जास्त, त्याची जबाबदारी जास्त, एवढंच म्हणतोय. कारखान्यात कंट्रोलरूममध्ये बसलेल्याला सगळं दिसतं आणि पाइपजवळ उभ्या असलेल्याला काही दिसत नाही, तेव्हा व्हॉल्व्ह उघडण्याआधी तिथे कोणी आहे का ते बघणं कंट्रोलरूमचं काम असतं. समुद्रातही तेच हवं. माझ्या अल्पमतीप्रमाणे:

१. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. उथळ पाण्यातले शिकाऊ सराव जमतील तेवढे या ६१ दिवसांत करा. पावसाळी समुद्र त्रासाचा असतो हे मान्य. पण जे जमणार नाहीत ते तरी मासेमारीच्या गर्दीच्या पट्ट्याबाहेर न्या.

२. सरावाचा पट्टा मच्छीमारांना आधी कळवा. नेमकी जागा नको, मोठा चौकोन चालेल. क्लाइडमध्ये हे चालतं, त्याने ब्रिटनचं आरमार बुडालेलं नाही. आपल्याकडे तर ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला १ लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली, ज्यावर दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ शकतो. तोच वापरा. मराठीत, कोंकणीत, मल्याळीत, तमिळमध्ये.

३. डॉल्फिनसारखे प्राणी जाळ्यात अडकू नयेत म्हणून जाळ्याला आवाज करणारी छोटी उपकरणं लावतात. डॉल्फिनला सावध करता येतं तर पाणबुडीला का नाही? याने मच्छीमाराचा पत्ता कळेल, पाणबुडीचा नाही. खर्च सरकारने करावा, संरक्षणाच्या खर्चात तो दाढीतल्या केसाएवढाही नाही.

४. काही अडकल्याची शंका जरी आली तरी वर या, आणि आसपासच्या प्रत्येक नौकेशी बोलून खात्री करा. दिवे दिसले म्हणजे सगळे आहेत असं नव्हे. हा अँटारेसचा धडा, चार जिवांच्या मोलाने मिळालेला.

५. चौकशी नौदलाबाहेरच्या माणसांकडून, आणि अहवाल सगळ्यांना वाचायला. ब्रिटनमध्ये अशी संस्था १९८९पासून आहे. मी वर 'अँटारेस' आणि 'कॅरन'बद्दल एवढं लिहू शकलो ते तिच्या अहवालांमुळे. त्यांत गुपितं वगळलेली असतात, चुका वगळलेल्या नसतात.

यातलं एकही कलम पाणबुडीला दुबळं करत नाही. उलट जी पाणबुडी आपल्याच किनाऱ्यावरचे ट्रॉलर ओळखू शकत नाही, ती शत्रूच्या पाण्यात काय दिवे लावणार? मासेमारी नौकांच्या गर्दीतून धक्का न लावता जाणं हीसुद्धा युद्धकलाच आहे.

मित्राला हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे तीन ओळींपलीकडे कोणी वाचत नाही, आणि चौथ्या ओळीला मी देशद्रोही ठरलो असतो. :) म्हणून इथे.

चाचांना परवा पुन्हा फोन केला. म्हटलं, मुलगा कुठे आहे? "गेलाय बाहेर, चार दिवसांनी येईल." म्हटलं, एआयएस चालू ठेवायला सांगा हं. "ठेवतो रे. दिवेसुद्धा लावतो, हिरवा वर पांढरा खाली, सगळं करतो. आमच्याकडून जेवढं दिसायचं तेवढं आम्ही दिसतो. आता पुढच्याने बघायला हवं."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. फक्त "एवढी मोठी पाणबुडी" असं सुरू होणारं नको.